खोक्यावरचे आकडे आणि गच्चीवरची वही

रेडिओच्या छंदात नव्याने आलेल्या माणसाचा पहिला मोठा खर्च बहुधा अँटेनावर होतो. माझाही तसाच झाला. शॉर्टवेव्हवर दूरची स्टेशनं नीट लागत नव्हती, म्हणून ऑनलाइन एक लूप अँटेना मागवला. सोबत छोटा अँप्लिफायर होता आणि जाहिरातीत '३० डेसिबल गेन' असं ठळक लिहिलं होतं (डेसिबल म्हणजे सिग्नल किती पटीने वाढला किंवा घटला ते सांगणारं माप). खिडकीच्या गजाला लूप बांधला, अडॅप्टर लावला आणि रेडिओवरच्या एस-मीटरची, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरची, सुई तीनवरून थेट नऊच्या पुढे गेली. फार आनंद झाला. आठवडाभर तोच लावून ऐकत होतो, पण कळत मात्र पूर्वीइतकंच होतं. आवाज मोठा झाला होता आणि बातम्या देणाऱ्याचं वाक्य तसंच खरखरीत बुडत होतं.

मग एका संध्याकाळी लाईट गेली, आख्ख्या सोसायटीची. रेडिओ सेलवर असल्यामुळे चालू राहिला, लूपचा अँप्लिफायर बंद पडला. म्हणून जुनी सहा मीटरची साधी वायर पुन्हा जोडली. सुई दोनपर्यंत खाली आली आणि त्याच स्टेशनचा शब्दन् शब्द कळायला लागला. सिग्नल कमी पडत होता ही माझी समजूतच चुकीची होती. घरातल्या आणि शेजारच्या चार्जर, अडॅप्टर, एलईडी दिव्यांचा गोंगाट त्या सिग्नलवर बसला होता, आणि नवा अँटेना सिग्नलबरोबर तो गोंगाटही तेवढ्याच इमानाने वाढवत होता. जाहिरातीतले ३० डेसिबल खरे होते. माझ्या अडचणीशी त्यांचा संबंध नव्हता.

त्यानंतर मी एक वही घातली. कुठलीही वस्तू चांगली की वाईट हे त्या वहीत लिहिल्याशिवाय ठरवायचं नाही, असं मनाशी पक्कं केलं. गेल्या काही वर्षांत त्या वहीने मला जे शिकवलं ते नव्या मंडळींसाठी इथे क्रमाने मांडतो. यातल्या बहुतेक चाचण्या फक्त ऐकण्याच्या आहेत, त्यांना परवाना लागत नाही आणि महागडं उपकरणही लागत नाही.

आधी घर ऐका

काहीही विकत घेण्याच्या आधी ही पायरी करा. सेलवर चालणारा रेडिओ घ्या. मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेली एक जागा शोधा, शॉर्टवेव्हवर ७ आणि १० मेगाहर्ट्झच्या आसपास अशा आणखी दोन जागा शोधा. रेडिओ कुठे ठेवला, कुठल्या दिशेला तोंड करून ठेवला, हे खडूने जमिनीवर आखून घ्या. आवाजाचं बटण एका खुणेवर ठेवा आणि पुढे त्याला हात लावू नका. तिन्ही जागांची अर्धा-अर्धा मिनिट खरखर मोबाईलवर रेकॉर्ड करा, मोबाईल रेडिओपासून दोन हात लांब ठेवून.

आता घराचा मेन स्विच खाली पाडा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, नाहीतर तो लगेच लोड उचलतो आणि चाचणी फुकट जाते. हे करायच्या आधी घरातल्यांना विचारा, कुणी ऑनलाइन मीटिंगमध्ये नाही ना ते बघा. पुन्हा त्याच तीन जागा, तोच आवाज, तेवढीच रेकॉर्डिंग.

खरखर एकदम कमी झाली तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी वर करत जा आणि रेडिओ कधी भडकतो ते ऐका. माझ्याकडे सगळ्यात मोठा गुन्हेगार निघाला तो देवघरातल्या छोट्या एलईडी दिव्याचा अडॅप्टर, त्यानंतर वायफाय राउटरचा. स्वस्तातले मोबाईल चार्जर, सेट-टॉप बॉक्स, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि एलईडी ट्यूब हे नेहमीचे संशयित. अडॅप्टर बदलला, त्याच्या वायरला फेराइटच्या, म्हणजे गोंगाट अडवणाऱ्या काळ्या चुंबकीय पदार्थाच्या, रिंगमधून सात-आठ वेढे दिले, तरी पुष्कळ काम होतं. अँटेनाच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

मेन पाडूनही खरखर तशीच राहिली तर ती बाहेरून येते आहे. मग घरातल्या कुठल्याही अँटेनाने फार फरक पडणार नाही, अँटेना गच्चीवर, वायरिंगपासून दूर न्यावा लागेल. आणि भारनियमनात किंवा लाईट गेल्यावर रेडिओ लावायची सवय ठेवा. आख्खा परिसर अंधारात असताना जे ऐकू येतं, ती तुमच्या रेडिओची खरी कुवत. ते वहीत वेगळ्या पानावर लिहा.

खुणेची स्टेशनं ठरवा

दुकानदाराकडे वजनं असतात तशी आपल्याला ओळखीची, भरवशाची स्टेशनं लागतात. 'काल रात्री अमेरिका लागलं' याला चाचणी म्हणत नाहीत. रात्री आयनावरणाची, म्हणजे रेडिओलहरी परतवणाऱ्या वातावरणातल्या वरच्या थराची, मर्जी असेल तर स्वयंपाकघरातल्या चमच्यावरही अमेरिका लागेल.

मीडियम वेव्हसाठी दुपारची वेळ सगळ्यात चांगली. दिवसा या लहरी जमिनीलगत येतात, त्यामुळे सिग्नल तासन् तास एकसारखा राहतो. सूर्य मावळला की आयनावरणावरून परतणाऱ्या लहरी त्यात मिसळतात आणि आवाज वर-खाली व्हायला लागतो. म्हणून सकाळी अकरा ते तीनच्या दरम्यान, तुमच्यापासून शंभर-दीडशे किलोमीटरवरचं, जेमतेम ऐकू येणारं स्टेशन निवडा. पुण्यात बसून मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर, मुंबईत बसून आकाशवाणी पुणे ७९२ वर. जवळचं दणदणीत स्टेशन घेऊ नका. ते सगळ्याच रेडिओंवर छान लागतं, त्यातून काही कळत नाही. रेडिओच्या पोटातली फेराइटची कांडी दिशा पाळते, म्हणून दोन रेडिओंची तुलना करताना दोन्ही त्याच जागी, त्याच दिशेला, एकामागून एक ठेवा. शेजारी-शेजारी ठेवले तर ते एकमेकांना त्रास देतात.

शॉर्टवेव्हसाठी चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं केंद्र १० मेगाहर्ट्झवर आपल्याकडे बऱ्यापैकी येतं. त्याचा आणखी एक उपयोग आहे. रेडिओच्या खोक्यावर 'अचूकता अर्धा पीपीएम' (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) असं लिहिलेलं असेल तर ते इथे पडताळता येतं. रेडिओ यूएसबी मोडमध्ये (म्हणजे अप्पर साइडबँड, केबलचं यूएसबी नव्हे), डायल बरोबर ९.९९९ मेगाहर्ट्झवर. एक हजार हर्ट्झची शिट्टी ऐकू यायला हवी. मोबाईलवर वाद्य लावायचं ट्यूनर अ‍ॅप असतं, ते समोर धरा. १० मेगाहर्ट्झला एक पीपीएम म्हणजे १० हर्ट्झ. शिट्टी १०३० दाखवत असेल तर तुमचा रेडिओ तीन पीपीएम चुकतो आहे, खोक्यावर काहीही छापलेलं असो. चालू केल्या केल्या एकदा मोजा आणि अर्ध्या तासाने पुन्हा, कारण तापल्यावर आकडा बदलतो.

आता या छंदातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. जगभरात पसरलेले १८ हौशी बीकन, म्हणजे ठरलेला संदेश आपोआप पाठवत राहणारे ट्रान्समीटर, एका साखळीत बांधलेले आहेत. ते पाळीपाळीने १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झवर बोलतात. प्रत्येकाला एका फ्रिक्वेन्सीवर दहा सेकंद मिळतात, तीन मिनिटांत फेरी पूर्ण होते आणि पुन्हा सुरू होते. त्या दहा सेकंदांत बीकन आधी मोर्समध्ये आपलं नाव सांगतो आणि मग एकेक सेकंदाचे चार लांब डॅश देतो. नाव आणि पहिला डॅश १०० वॅटला, दुसरा १० वॅटला, तिसरा १ वॅटला आणि चौथा वॅटच्या फक्त दहाव्या भागाला. म्हणजे दर डॅशला बरोबर १० डेसिबलची उतरण.

श्रीलंकेच्या ४एस७बी या बीकनची पाळी १४.१०० वर दर फेरीत १ मिनिट ३० सेकंदांनी येते. तासाच्या ठोक्याला फेरी सुरू होते असं धरून घड्याळ लावा: ११ वाजून १ मिनिट ३० सेकंद, मग ११ वाजून ४ मिनिटं ३० सेकंद, असं. डायल १४.०९९ वर, यूएसबी मोड. कधी एखादा बीकन बंद असतो, कधी बँडच (फ्रिक्वेन्सींचा तो पट्टाच) झोपलेला असतो, अशा वेळी जपान, हाँगकाँग किंवा केनियाच्या पाळीला कान लावा. मोर्स येत नसलं तरी चालतं, घड्याळावरून कोण बोलतंय ते कळतं. आपलं काम फक्त डॅश मोजायचं: एक, दोन, तीन की चार.

बघा, किती सोपं झालं. एका अँटेनावर तीन डॅश ऐकू आले आणि दुसऱ्यावर दोनच, तर पहिला साधारण १० डेसिबलच्या हिशेबात सरस आहे. सुई काय दाखवते याच्याशी देणंघेणं नाही. सिग्नल गोंगाटातून वर येतो की नाही एवढंच इथे मोजलं जातं, आणि ऐकणाऱ्याला हवं असतं तेही एवढंच. माझा तो ३० डेसिबलचा लूप आणि सहा मीटरची वायर, दोघांवर ही तुलना केली त्या दिवशी दोनच डॅश आले.

घरचा डायपोल

विकतच्या अँटेनाची तुलना कशाशी करायची? स्वतःच्या हाताने केलेल्या डायपोलशी, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या दोन सारख्या वायरींच्या अँटेनाशी. एकूण लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागा. १४.१ साठी ती १० मीटर १४ सेंटिमीटर येते, म्हणजे एका बाजूला ५ मीटर ७ सेंटिमीटर. हार्डवेअरच्या दुकानातली साधी इलेक्ट्रिकची वायर चालते, मधल्या आणि टोकाच्या इन्शुलेटरसाठी पीव्हीसी पाइपचे तुकडे कापा. केबलची मधली तार एका बाजूला, जाळी दुसऱ्या बाजूला सोल्डर करा आणि जोडाखालीच केबलचे आठ-दहा वेढे गुंडाळून टेपने बांधा. पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या खोलीपर्यंत ताणा. विजेच्या तारांच्या जवळपासही जाऊ नका आणि ढग गडगडायला लागले की केबल रेडिओपासून काढून बाहेर टाका. या दोन बाबतीत हयगय नको.

हा तुमचा काटा. कुठलाही विकतचा अँटेना याच्यापेक्षा सरस आहे असं सिद्ध झालं तरच त्याचे पैसे वसूल. जागा कमी असेल, वायर ताणायची सोय नसेल तर छोटा अँटेना घेण्यात काही चूक नाही. फक्त तो डायपोलच्या किती खाली आहे हे माहीत असू द्या.

अदलाबदल करायची ती अशी

सोमवारी एक अँटेना, मंगळवारी दुसरा, अशी तुलना बिनकामाची आहे. शॉर्टवेव्हचा सिग्नल एका मिनिटात २० डेसिबलने वर-खाली होतो. दोन्ही अँटेना एकाच वेळी उभे हवेत आणि मध्ये दोन तोंडांचा अँटेना स्विच हवा, म्हणजे सेकंदात इकडून तिकडे जाता येतं. स्विच नसेल तर बीकनची एक पाळी एका अँटेनावर, पुढची दुसऱ्यावर, असं निदान दहा वेळा करा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. नवा अँटेना, नवी केबल आणि नवी जागा एकदम केलीत तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे आपलं मन. पैसे मोजलेल्या वस्तूत आपल्याला जास्त ऐकू येतं. हे मी स्वतःवर अनुभवलं आहे, म्हणून आता स्विच मी फिरवत नाही. माझी मुलगी दाराआड स्विच घेऊन बसते, प्रत्येक वेळी नाणं उडवते, छापा आला तर जुना अँटेना, काटा आला तर नवा, आणि आपल्या कागदावर टिपते. मी पाठमोरा बसून फक्त 'हा नवा', 'हा जुना' असं लिहितो. दहा वेळा झालं की दोन्ही कागद शेजारी ठेवतो.

दहापैकी पाच-सहा बरोबर आले तर कानाला फरक कळत नाही, विषय संपला. दहाच्या दहा निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. आठ बरोबर आले तर घाई करू नका, कारण नुसत्या अंदाजाने आठ किंवा जास्त बरोबर येणं शंभरात पाच-साडेपाच वेळा घडतंच. आणखी दहा वेळा करा. एका प्रसिद्ध म्हणून विकल्या जाणाऱ्या जोडकेबलसाठी मी हे केलं तेव्हा वीसपैकी अकरा आले होते. केबल परत पाठवली.

आकडे वाचायला शिका

एस-मीटरचा एक एकांश म्हणजे ६ डेसिबल, असा संकेत आहे. स्वस्तातल्या रेडिओवर तो पाळलेला असेलच असं नाही. बीकनच्या चार डॅशवर तुमची सुई किती-किती उतरते ते पाहा. दर डॅशला साधारण पावणेदोन एकांश उतरायला हवी. माझ्या एका रेडिओची सुई दहा डेसिबलला चार एकांश पडते, म्हणजे त्यावर 'तीन एकांश फरक पडला' याचा अर्थ जेमतेम साडेसात डेसिबल.

हातातल्या वॉकी-टॉकीची जाहिरात ५ वॅट सोडून ८ वॅटची घ्या म्हणते. ५ आणि ८ मधला फरक दोन डेसिबल, एका एकांशाचा तिसरा भाग. समोरच्याला तो कळणारच नाही, बॅटरी मात्र लवकर उतरेल. तेच पैसे बरा अँटेना किंवा बऱ्या केबलवर घालवले तर जास्त पदरात पडतं.

'डीबीआय' हा शब्द दिसला की थांबा. सगळीकडे सारखा सिग्नल सोडणाऱ्या काल्पनिक अँटेनापेक्षा किती डेसिबल जास्त, ते तो सांगतो. मोकळ्या जागेतला साधा डायपोलच मुळात २.१५ डीबीआयचा असतो. म्हणून '२.१५ डीबीआय गेन' याचा अर्थ 'डायपोलइतकाच', आणि तोही पूर्ण लांबीचा असेल तर. १४५ मेगाहर्ट्झला पाव लांबीचा अँटेनाच ४९ सेंटिमीटर होतो. मग त्या बँडवर १५ सेंटिमीटरची रबरी कांडी ६ डीबीआय कशी देईल? सगळीकडे सारखा जाणारा सिग्नल आणखी ३ डेसिबलने वाढवायचा तर लांबी साधारण दुप्पट करावी लागते. तो शुद्ध भूमितीचा नियम आहे, कुठल्याही कंपनीला तो चुकवता येत नाही.

कांडीची चाचणी घेताना एक काळजी घ्या. या बँडवर भिंतींवरून परतलेले सिग्नल एकमेकांत मिसळतात, अर्धा मीटर बाजूला सरकलात तरी आकडा पालटतो. म्हणून एकाच जागी उभं राहून निकाल देऊ नका. दोन-तीन मीटरच्या परिसरात दहा ठिकाणी उभे राहा, सेट तोंडासमोर सारखाच धरा, दोन्ही अँटेनांचे दहा-दहा आकडे लिहा आणि सरासरी काढा.

एसडब्ल्यूआरचा भ्रम

नव्या हॅमला, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्याला, पहिल्याच दिवशी सांगतात, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत येते ते दाखवणारं गुणोत्तर) कमी तर अँटेना चांगला. हे अर्धंच खरं आहे, आणि विक्रेते नेमकं तेवढंच अर्धं छापतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन १०० ओहमचे दोन कार्बन रेझिस्टर घ्या, समांतर जोडा, ५० ओहम झाले. हा रेझिस्टर अँटेनाच्या जागी लावा. एसडब्ल्यूआर जवळजवळ एकास एक, दिसायला आदर्श. पण तो अँटेना नाही, सगळी ताकद उष्णता होऊन जाते. एसडब्ल्यूआर फक्त एवढंच सांगतो की किती ताकद परत आली. उरलेली हवेत गेली की तापली, ते तो सांगत नाही. आणि दोनास एक एसडब्ल्यूआरला परत येते ती फक्त ११ टक्के, दीडास एकला ४ टक्के. त्यासाठी रात्र-रात्र वायर कापत बसू नका.

याहून फसवी असते केबल. आरजी-५८ जातीची केबल १४५ मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे सुमारे २० डेसिबल खाते. गच्चीवरून घरात येईपर्यंत २० मीटर केबल लागली तर चार डेसिबल वाटेतच गेले, म्हणजे शंभरातले चाळीसच वर पोचले. आता गंमत पाहा: वरचा अँटेना वाऱ्याने तुटून पडला तरी सगळी ताकद टोकावरून परत येताना पुन्हा चार डेसिबल गमावते. खाली मीटरला आठ डेसिबल कमी झालेलं प्रतिबिंब दिसतं आणि तो सांगतो, एसडब्ल्यूआर २.३. अँटेना जागेवर नाही, आणि मीटरला त्यात फार वावगं दिसत नाही. जाडी आरजी-२१३ तेवढ्याच लांबीला दोन डेसिबलच्या आतच खाते.

याच गोष्टीचा उपयोग करून केबल तपासता येते. नॅनोव्हीएनए नावाचं हातात मावणारं उपकरण हल्ली बऱ्याच हौशी लोकांकडे असतं, तासाभरासाठी कुणाकडून तरी मागून आणा. आधी त्यासोबतच्या तीन टोप्या लावून, म्हणजे उघडं, जोडलेलं आणि ५० ओहम, कॅलिब्रेशन करा. हे केल्याशिवाय त्याच्या पडद्यावरचा एकही आकडा खरा धरू नका. मग केबलचं एक टोक त्याला लावा, दुसरं उघडं सोडा. १४५ वर जो रिटर्न लॉस, म्हणजे परत आलेला सिग्नल किती डेसिबलने घटला तो आकडा, दिसेल त्याचा निम्मा म्हणजे केबलची एकमार्गी घट. ती छापील आकड्यापेक्षा बरीच जास्त निघाली तर केबल नकली तरी आहे किंवा तिच्यात पाणी तरी शिरलंय. 'शुद्ध तांबं' लिहिलेल्या केबलची आणखी सोपी परीक्षा म्हणजे लोहचुंबक. मधली तार चिकटली तर आत लोखंड आहे. नाही चिकटली तर ब्लेडने खरवडा, खाली पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियम. डिश टीव्हीच्या केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड नेहमीचंच असतं आणि त्या कामाला ते चालतंही, पण शुद्ध तांब्याचे पैसे घेऊन ते देणं ही फसवणूक आहे.

'रेंज ५० किलोमीटर'

या दाव्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे, कारण ट्रेकिंगला जाणारी मुलं त्यावर विसंबून डोंगरात शिरतात. वॉकी-टॉकीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. दोघांची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढून बेरीज करा, तिला ४.१२ ने गुणा. तेवढे किलोमीटर, आणि तेही मध्ये काही आडवं नसेल तर. सपाट माळावर उभी असलेली दोन माणसं, सेट दीड मीटरवर धरलेले: सुमारे १० किलोमीटर. एक जण सिंहगडावर, पुण्याच्या पातळीपेक्षा साडेसातशे मीटरच्या आसपास उंच, आणि दुसरा खाली: हिशेबाने ११५ किलोमीटरच्या पुढे. तोच सेट, तीच बॅटरी. म्हणजे ५० किलोमीटर हा सेटचा गुण नव्हेच, तो उंचीचा गुण आहे. आणि दोन घळींमध्ये उतरलेल्या मित्रांना ५०० मीटरवरही एकमेकांचा आवाज येणार नाही.

तुमच्या वाटेवर स्वतः मोजा. एक जण पायथ्याला थांबेल, दुसरा चालत जाईल, दर पाच मिनिटांनी ठरलेलं वाक्य बोलायचं, ऐकणाऱ्याने 'स्पष्ट', 'तुटक' किंवा 'नाही' असं वेळ घालून लिहायचं. परत येताना भूमिका बदला. नंतर नकाशावर त्या वेळा मांडा, कुठल्या वळणावर आवाज हरवतो ते दिसेल.

मात्र बोलण्याच्या चाचणीला कायदा लागू आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधल्या कमी ताकदीच्या सेटना आपल्याकडे परवान्यातून सूट आहे, तरी सेटला सरकारी मान्यता, म्हणजे ईटीए, असावी लागते. बाकी सेटना परवाना हवा. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर बोलायचं तर हॅमची परीक्षा द्या, वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते. मान्यता नसलेले वॉकी-टॉकी ऑनलाइन सर्रास विकले जात होते, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये त्यांच्या विक्रीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली. घेताना फ्रिक्वेन्सी आणि ईटीए दोन्ही विचारा. विक्रेता उत्तर टाळत असेल तर तिथे घेऊ नका.

सेल आणि वजनकाटा

१८६५० आकाराच्या लिथियम सेलवर '९९०० एमएएच' छापलेलं असेल तर तो सेल तिथेच ठेवा. त्या आकाराच्या चांगल्यात चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास असते. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. नकली बराच हलका लागतो, कारण आत माल कमी असतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरे. त्यानंतर एकदा पूर्ण चार्ज करून, ठरलेल्या आवाजावर, रेडिओ बंद पडेपर्यंत चालवा आणि तास लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा.

दोन रिसीव्हर असतील तर

जोसेफ टेलर या नोबेल मिळालेल्या खगोलशास्त्रज्ञाने, ते स्वतःही हॅम आहेत, २००८ मध्ये डब्ल्यूएसपीआर ही पद्धत काढली. जगभरचे हौशी लोक अतिशय कमी ताकदीवर, सम मिनिटाला सुरू होणारे, दोन-दोन मिनिटांचे संदेश पाठवतात, आणि संगणक ते गोंगाटाखालून शोधून प्रत्येकासमोर सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर डेसिबलमध्ये लिहितो. पाठवायला परवाना लागतो, ऐकायला नाही. दोन एसडीआर (संगणकावर चालणारे) रिसीव्हर, दोन अँटेना, दोन्हींवर डायल १४.०९५६. आधी दोन्ही रिसीव्हर एकाच अँटेनाला विभाजक लावून जोडा आणि त्यांच्यात मुळातच किती फरक आहे ते लिहून ठेवा. मग वेगळे अँटेना लावून रात्रभर सोडा. सकाळी तोच संदेश दोघांनी कितीला ऐकला याच्या शेकडो जोड्या तयार असतात. त्यात तुमच्या मनाला लुडबुड करायला जागाच नाही.

पावसाळ्यानंतरचं पान

वस्तू आल्या आल्या परतीच्या मुदतीतच हे सगळं उरका. खोकं फोडण्यापासून चाचणीचं चित्रण ठेवा, वहीत तारीख, वेळ, हवा, कुठली केबल, कुठलं स्टेशन, कुठला आकडा हे लिहा. 'चांगला वाटत नाही' म्हणून परत केलेली वस्तू अडवतात. 'तुम्ही अमुक लिहिलंत, मोजल्यावर तमुक निघालं, हे चित्रण' असं लिहिल्यावर माझे पैसे दोनदा परत आले आहेत.

आणि वही तिथेच मिटू नका. दसऱ्याच्या सुमाराला, पाऊस उघडल्यावर, सगळी जुनी मापं पुन्हा घ्या. गेल्या वर्षी माझ्या डायपोलवर दुपारी साडेअकराला ४एस७बीचे दोनच डॅश यायला लागले. बँड खराब असेल म्हणून सोडून दिलं असतं, पण एप्रिलच्या पानावर त्याच वेळेला सलग नऊ दिवस तीन डॅश लिहिलेले होते. शिवाय खाली खोलीत लावलेल्या वायरवर अजूनही पूर्वीसारखे दोन येत होते, म्हणजे बँड तोच होता. गच्चीवर जाऊन कनेक्टरवरची टेप सोडली. आतून चमचाभर पाणी निघालं आणि जाळीचं तांबं हिरवं पडलं होतं. हातभर केबल कापली, नवा कनेक्टर सोल्डर केला, वरून रबरी टेप, त्यावर साधी टेप, आणि पाणी ओघळून जावं म्हणून केबलला खाली एक झोळ दिला. दुसऱ्या दिवशी ११ वाजून ३१ मिनिटं ३० सेकंदांना कानाला हेडफोन लावून बसलो. एक, दोन, आणि खरखरीच्या जरा वर, बारीक पण स्पष्ट, तीन.